अंगणात आलेली बालवाडी : पद्मभूषण ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात ऐकू येतो. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर वसलेले मार्कंडा असो, चंद्रपूरच्या जंगलपट्टीतील एखादा पाडा असो किंवा मुंबईची दाटीवाटीची वस्ती असो, अंगणवाडी म्हटले की पोषण आहार, लसीकरण, वजनकाटा आणि शासकीय नोंदवह्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. हा शब्द मुळात कोणत्याही योजनेचा नव्हता. घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, आईच्या डोळ्यांदेखत, माती, पाणी, दगडगोटे आणि पाने हाताळीत शिकणाऱ्या बालकांचा तो शब्द होता. तो ज्यांच्या कार्यातून जन्माला आला त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोन-तीन वर्षांच्या लेकराला घरी काय शिकवावे, असा प्रश्न धर्मग्रामातील तरुण आईवडील आम्हाला वारंवार विचारतात. त्यांना हे चरित्र विशेष उपयोगी वाटेल.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचे असल्यामुळे मुलींच्या शिक्षणास तेथे आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही मुलगी वऱ्हाडात नांदायला आली. संसार मात्र टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाले. या प्रसंगाची चर्चा त्यांच्या चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. आम्हाला त्यात शिरण्याचे प्रयोजन वाटत नाही. त्या दिवसांत पतीपासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगी असलेली स्त्री समाजात कोणत्या नजरेला सामोरी जात असेल, एवढे वाचकांनी मनात आणावे म्हणजे पुरे.

उपजीविकेसाठी ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. तथापि, त्यांच्या मनाला वेगळीच चिंता लागली होती. मुलगी प्रभा वाढत होती आणि तिला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्न होता. आजूबाजूच्या शाळांतून छडी, पाढे आणि घोकंपट्टी याखेरीज फारसे काही नव्हते. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांसाठी आगळे बालमंदिर चालवीत असल्याचे त्यांना समजले. गिजुभाई पेशाने वकील होते. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या काळजीने त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर उघडले. मुलांवरील मायेमुळे गुजरातने त्यांना मिशाळ आई असे नाव दिले होते. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि मुलीला घेऊन भावनगर गाठले. आपल्याच लेकराच्या काळजीतून या दोघांनी हजारो लेकरांसाठी वाट शोधली, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

भावनगरच्या बालमंदिराला ज्या पद्धतीचा आधार होता, तिचा उगम रोमचा आहे आणि तो कॅथलिक वाचकांना परिचित असावा. डॉ. मारिया माँटेसरी या इटलीतील श्रद्धावंत कॅथलिक स्त्री. वैद्यकशास्त्र शिकलेल्या या बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभू प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात आणि गल्लीत हुंदडणारी मुले तेथे गोळा केली गेली. त्यापूर्वी मतिमंद मुलांना शिकविताना माँटेसरीबाईंनी काही साधने वापरली होती. हात, डोळा, कान आणि त्वचा यांना काम मिळाले की बुद्धी जागी होते, असा अनुभव त्यांना तेव्हा आला होता. तोच प्रयोग त्यांनी या सर्वसाधारण मुलांवर केला.

त्या साधनांमागील विचार थोडा समजून घेतला पाहिजे, कारण ताराबाईंचे पुढील सारे कार्य त्यावर उभे आहे. दट्ट्यांची पेटी घ्या. एका लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि प्रत्येक खळग्यात नेमका बसणारा एकेक दट्ट्या. जाड दट्ट्या अरुंद खळग्यात शिरत नाही. बारीक दट्ट्या रुंद खळग्यात टाकला तर तो आत हलत राहतो आणि शेवटी एक दट्ट्या जागेवाचून उरतो. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही, साधनच मुलाला सांगते. मनोऱ्याचे दहा गुलाबी ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. रंग एक, लाकूड एक, फरक केवळ आकारमानाचा. एका वेळी एकच गुण वेगळा काढून मुलाच्या हाती द्यायचा, म्हणजे लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, थंड-ऊन, हलके-जड हे भेद त्याच्या अंगात मुरतात, असे हे गणित आहे. विज्ञानाची सुरुवात तरी यापेक्षा निराळी कुठे असते? पाहणे, हाताळणे, तुलना करणे, चूक उमगणे आणि पुन्हा करून पाहणे एवढेच तर वैज्ञानिकही करीत असतो.

ताराबाईंनी भावनगरला जवळजवळ नऊ वर्षे काम केले. गुजराती भाषा आत्मसात करून त्या भाषेत लिहू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेतून आईबापांना आणि शिक्षकांना त्या सातत्याने मार्गदर्शन करीत. मुलांना मारू नये हे सांगण्यासाठीदेखील तेव्हा लेखच्या लेख लिहावे लागत. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला आणि त्याला जोडून बालशिक्षिका तयार करण्याचे कामही हाती घेतले. सुशिक्षित मध्यमवर्गाने या शाळेचे चांगले स्वागत केले. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. माँटेसरी मद्रासजवळील अड्यार येथे वर्ग घेण्यासाठी भारतात आल्या. युद्धात इटली उतरल्यामुळे त्यांना येथेच अडकून राहावे लागले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ अहमदनगरला स्थानबद्ध करण्यात आले. माँटेसरी हे नाव भारतभर झाले ते या वर्षांत. परंतु त्या नावाबरोबर एक महागडी लाकडी पेटीही आली, आणि तिथेच अडचणीला सुरुवात झाली.

ही साधने अतिशय काटेकोरपणे बनवावी लागतात. त्यांना उत्तम लाकूड आणि कसबी सुतार हवा. साहजिकच माँटेसरी शाळा ही शहरातील पैसेवाल्यांची शाळा होऊन बसली. गांधीजींनी १९३१ साली लंडनच्या माँटेसरी अध्यापन विद्यालयात बोलताना हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. रोममध्ये गरिबांच्या गल्लीत जन्मलेली पद्धती भारतात येईपर्यंत दिवाणखान्यात जाऊन बसली होती, हे दुर्दैवच म्हणायचे. आजही पुष्कळ गावांत माँटेसरी हे नाव दारावर लावले जाते आणि आत तीन वर्षांच्या बालकाकडून रेघोट्यांच्या वहीत अक्षरे गिरवून घेतली जातात. कॉन्व्हेंट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अडीच वर्षांच्या मुलाला रंगांची इंग्रजी नावे पाठ करायला लावणारे पालक आमच्या धर्मग्रामांतही कमी नाहीत. रंगाचे नाव येते, पण दोन हिरव्या पानांतील कोणते अधिक हिरवे हे पाहण्याची सवड त्या बालकाला कोणी देत नाही.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादरची घडी बसलेली संस्था सहकाऱ्यांच्या हाती दिली आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्यांच्यासोबत होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. मोरगावच्या या बालविधवेने मोठ्या जिद्दीने शिक्षण घेतले होते. या दोघींची गाठ पुढे ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत सुटली नाही.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली, परंतु त्या काळी हरिजन म्हटल्या जाणाऱ्या दलितांच्या वस्तीतून मुले येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात. मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर शाळेत पोहोचविणारे घरी कोणी नव्हते. शिवाय गावातील उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी आपले मूल बसवायचे, हा संकोच आणि ही भीती वेगळीच. एखाद्या संस्थेने येथे पालकांना बोल लावला असता. ताराबाईंनी उलटा विचार केला. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल, असे ठरले. ठराविक वेळी शिक्षिका वस्तीत जात, झाडाखाली किंवा एखाद्या घरासमोर मुले जमवीत, त्यांचे हातपाय धूत, नखे काढीत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. अंगणवाडी ती ही.

दट्ट्यांची पेटी डोक्यावर घेऊन वस्तीत जाणे शक्य नव्हते, आणि गेली असती तरी ती तेथील मुलांची झाली नसती. म्हणून शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती यांतूनच साधने उभी राहिली. शिंपल्यांचे आकार लावता येतात, गोट्यांचे वजन तोलता येते, पानांच्या कडा बोटाने चाचपता येतात. मुलाच्या ओळखीच्या वस्तू असल्यामुळे त्यांना हात लावायला ते बिचकत नाही. आणखी एक लाभ असा की शिक्षिका निघून गेल्यावरही ही साधने मागे अंगणातच राहतात, मूल दिवसभर त्यांच्याशी खेळू शकते आणि आई ते पाहते.

या बदलाने सर्व लाभच झाला, असे आम्ही म्हणणार नाही. मूळ साधनांतील अचूकपणा शिंपल्यांत नसतो. दहा शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावताना दोन जवळपास सारखे निघतात, रंग आणि खरखरीतपणाही बदलतो, म्हणजे एकाच वेळी चार गुण समोर येतात. चूक दाखविणारा खळगा तेथे नाही. त्यामुळे मोठ्या माणसाचे लक्ष आणि वस्तूंची निवड यांना महत्त्व येते. कडक माँटेसरीवादी यावर आक्षेप घेतील आणि तो अगदीच खोटा नाही. ताराबाईंनी तो किती अचूक आहे यापेक्षा कोणाच्या हाती पडतो याला अधिक मोल दिले. आमच्या मते त्यांची निवड योग्य होती, कारण दादरच्या मुलाला पेटी मिळाली नसती तरी पुस्तक मिळाले असते, वस्तीतील मुलाला काहीच मिळाले नसते.

बोर्डीचे शिंपले मार्कंड्याला नाहीत, पण त्याने काही अडत नाही. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीला तेथील प्राचीन मंदिरांच्या परिसरात मोठी जत्रा भरते आणि जत्रेतून घरी येणारे खेळणे बहुधा प्लास्टिकचे असते. त्याचे दोन दिवसांत तुकडे होतात. नदीची वाळू मात्र फुकट असते. कोरडी वाळू मुठीतून निसटते, ओली वाळू वाटीचा आकार धरते. हा फरक दोन वर्षांचे मूल अर्धा तास न कंटाळता तपासू शकते, फक्त त्याला मध्येच उचलून नेऊ नये. धानाच्या या मुलखात घरोघरी तांदूळ, तूर, लाखोळी आणि जवस असतात. डोळे मिटून बोटांनी चाचपले तर जवस निसरडा लागतो, लाखोळीचे दाणे कोनदार लागतात, तूर गोल लागते. जवस पाण्यात भिजत घातला की बुळबुळीत होतो, तूर होत नाही. परातीत पाणी घेऊन बांबूचा मोठा तुकडा आणि छोटासा गोटा टाकावा. मोठा तरंगतो आणि छोटा बुडतो, हे पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते. त्याला कारण सांगण्याची घाई आईने करू नये. ते दहा वेळा टाकील आणि अकराव्यांदा टाकण्याआधी थांबून विचार करील.

बांबूचेच आणखी एक साधन होते. कटांग बांबूची कांडी आतून पोकळ असते आणि बुडख्यापासून शेंड्याकडे ती बारीक होत जाते. मानवेल मात्र बहुधा भरीव निघतो, तो येथे उपयोगाचा नाही. एकाच कटांगाच्या चार-पाच कांड्या कापून, कडा घासून गुळगुळीत केल्या तर बारीक कांडी जाड कांडीत जाते, उलट जात नाही. हा झाला आपल्या जंगलातील दट्ट्यांचा खेळ आणि चूक दाखविण्याचे कामही तो स्वतः करतो. पळसाची फुले कोमट पाण्यात भिजवून येणारा केशरी पिवळा रंग, फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेले ओवा, धने आणि तुळशीचे वास, झाकणाच्या डब्यांत निरनिराळे धान्य घालून आवाजांच्या जोड्या लावणे, उन्हात तापलेला तांब्या आणि सावलीतील माठ यांना हात लावून पाहणे, हे सारे याच जातीचे. एक दक्षता घेतलीच पाहिजे. तीन वर्षांच्या आतील मूल दाणा नाकात, कानात किंवा तोंडात घालते, तेव्हा धान्याचा खेळ मोठ्या माणसाने समोर बसूनच खेळू द्यावा आणि पाण्याची परात किंवा बादली जवळ असताना क्षणभरही उठून जाऊ नये.

१९५७ साली ताराबाईंनी आणखी एक स्थलांतर केले. वय पासष्ट. या वयात माणसे विश्रांतीचा विचार करतात, त्यांनी बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, डहाणू तालुक्यातील वारली आदिवासींमध्ये, आपले केंद्र हलविले. तेथे अंगणवाडीची युक्तीही अपुरी पडली. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढी, दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे रानात असे. धाकट्याला सांभाळणारा कोणी मिळाल्याशिवाय थोरली शाळेत येणे अशक्य. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली आणि तिला विकासवाडी म्हटले गेले. ताई शिकते तेव्हा तान्हे शेजारीच असते. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरे चरत असताना तेथे मोजणी आणि अक्षरे होत. शाळेने मुलाच्या आयुष्याला जागा करून द्यावी, मुलाने शाळेसाठी आयुष्य मोडू नये, हे सूत्र दादरपासून कोसबाडपर्यंत ताराबाईंच्या प्रत्येक पावलात दिसते. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा अधिक गरिबाकडे पडलेले आहे, हेही वाचकांच्या ध्यानात आले असेल.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. सन्मानामुळे टेकडीवरचा दिनक्रम बदलला नाही. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. कुपोषणाने ग्रासलेल्या देशात आहार आणि लसीकरण यांना अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आदिवासी वस्त्यांत तर अंगणवाडी सेविकेच्या कामामुळे कितीतरी बालके वाचली आहेत, त्याबद्दल कृतज्ञताच हवी. परंतु नाव देशभर पसरले आणि अंगण मागे राहिले. सेविकेच्या माथ्यावर नोंदवह्यांचा भार वाढत गेला, मुलांच्या हाती वाळू आणि गोटे देण्यास तिला वेळ उरला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत या वयाच्या मुलांसाठी जादुई पिटारा नावाचा खेळण्यांचा संचही देशापुढे ठेवण्यात आला. पुन्हा एक पेटी आली, असे मनात आल्यावाचून राहत नाही. ती वाईट आहे असे नव्हे. ती मार्कंड्याच्या पलीकडील पाड्यापर्यंत पोहोचेपर्यंत तेथील मुलाने हातात काय घ्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ताराबाईंच्या पश्चात कोसबाडची धुरा अनुताईंनी वाहिली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टेकडीवरील आपले अनुभव त्यांनी पुस्तकरूपानेही लिहून ठेवले असून त्यांत ताराबाईंचा सहवास पानोपानी भेटतो. ताराबाई गेल्यावर आणखी एकोणीस वर्षे, १९९२ च्या सप्टेंबरमध्ये डोळे मिटेपर्यंत, अनुताई वारल्यांच्या मुलांतच राहिल्या.